बसलेली बॅटरी पुन्हा उभी करताना



या अंकातला धडा हातकामाचा आहे. आपण ज्या पाड्यांवर काम करतो तिथे आता दारे-खिडक्या बसवणारी, छपरावर पत्रे चढवणारी, सौरदिव्यांची जोडणी करणारी तरुण मुले तयार झाली आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे कॉर्डलेस ड्रिल मशीन असते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि नव्या घरावर पत्रा चढवायचा असतो तेव्हा तिथे मीटर बसलेला नसतो. अशा ठिकाणी वायर नसलेले मशीन ही चैन नाही, ते पोटाचे हत्यार आहे.

वर्ष-दोन वर्षांनी हीच मुले केंद्रात येऊन सांगतात, "ताई, बॅटरी बसली." मशीन धडधाकट, मोटर चांगली, पण पॅक चार्ज होऊनही चार स्क्रू मारले की बंद पडतो. दुकानात विचारले तर उत्तर मिळते की या मशीनचा पॅक येत नाही, नवीन मशीनच घ्या. हंगाम तोंडावर असतो, हातात पैसे नसतात. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्याच्या हातात चालू मशीन आहे त्याला गावातच काम मिळण्याची थोडी तरी आशा असते. ज्याचे मशीन बंद पडले तो मुकादमाची उचल घेऊन मोकळा होतो. म्हणून हा पॅक दुरुस्त होतो का, आणि सुरक्षितपणे होतो का, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

मी अभियंता नाही. नाशिकच्या एका जुन्या कारागिराकडे आम्ही आमच्या गटातल्या दोन मुलांना आठ दिवस शिकायला ठेवले होते आणि मीही सोबत बसले. तिथे जे शिकले आणि नंतर केंद्रात जे आम्ही करून पाहिले, ते क्रमाने मांडते.

१. पॅकच्या पोटात काय असते

कॉर्डलेस ड्रिल पहिल्यांदा बाजारात आले १९६१ साली, ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीचे. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. हा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधला होता. त्याचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टच्या पॅकमध्ये असे दहा सेल लागत. पुढे १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल विक्रीला आणला, आणि त्या सेलाचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्रिलमध्ये हाच लिथियम-आयन सेल असतो.

या सेलाला कारागीर '१८६५०' म्हणतात. हा आकडा म्हणजे त्याचे माप आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. त्याचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि रिकामा होताना तो अडीच ते तीन व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. १२ व्होल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रिलमध्ये असे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर त्यांची बेरीज १२.६ होते. ज्याला २० किंवा २१ व्होल्ट म्हणतात त्यात पाच सेल असतात आणि बेरीज २१ होते. डब्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. पॅक उघडून सेल मोजावेत, म्हणजे खरे काय ते कळते.

सेलांबरोबर एक हिरवी किंवा निळी पाटी असते, तिला बीएमएस म्हणतात. ती राखणदार आहे. एखादा सेल जास्त भरू लागला, फार रिकामा झाला, किंवा ड्रिल अडकून प्रवाह बेसुमार वाढला, तर ती पॅक तोडते. काही पॅकमध्ये सेलाला चिकटवलेला मोहरीएवढा मणीही असतो. तो तापमान ओळखतो.

२. दोष कसा शोधावा

आमच्या गटातल्या एका मुलाचा तीन सेलांचा पॅक आम्ही उघडला. त्याने आधी चार्ज केलेल्या पॅकच्या दोन टोकांना मीटर लावून पाहिले होते. आकडा आला ११.८२. डब्यावर १२ लिहिलेले, मीटरवर जवळजवळ १२, तेव्हा बॅटरी चांगली आणि मशीनच बिघडले, असे त्याला वाटले. उघडून एकेक सेल मोजला तेव्हा आकडे असे आले: ४.१९, ४.१८ आणि ३.४५.

दोन सेल काठोकाठ भरलेले, तिसरा जवळजवळ रिकामा. त्या तिसऱ्या सेलातून न वापरताही वीज पाझरत होती. चार्जरला लावल्यावर तिघांतून प्रवाह सारखाच जातो. पहिले दोन आधी भरले, राखणदार पाटीने चार्जिंग थांबवले, तिसरा अर्धवट राहिला. मशीन चालवताना तिसरा आधी संपला आणि पाटीने सगळा पॅक तोडला. पहिल्या दोघांत भरपूर वीज होती, पण ती कोणाच्या कामाची नव्हती.

या धड्यातली मुख्य गोष्ट हीच. बैलजोडीतला एक बैल थकला की गाडी त्याच्याच चालीने चालते. एका रांगेत जोडलेल्या सेलांचेही तसेच असते. सर्वांत अशक्त सेल साऱ्या पॅकची ताकद ठरवतो, आणि बेरजेचा आकडा त्याला झाकून ठेवतो. म्हणून पॅक तपासायचा तर सेल एकेक करून तपासावा. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर, आणि एकदा मशीन चालवून ते बंद पडल्याबरोबर. दुसऱ्या वेळी जो सेल इतरांपेक्षा फार खाली गेलेला दिसेल तो दोषी.

मग तो एकच सेल बदलला तर? खर्च वाचेल असे कोणालाही वाटते. पण नव्या सेलात जास्त वीज मावते, जुन्यांत कमी. आता जुन्यांपैकी एक सर्वांत अशक्त ठरतो आणि दोन-तीन महिन्यांत तीच तक्रार परत येते. शिवाय कमी-जास्त ताकदीचे सेल एकत्र राबले की अशक्त सेल तापतो. म्हणून तीन असोत वा पाच, सगळे सेल एकदम बदलावेत आणि ते एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले असावेत.

३. सेल घेताना

ड्रिल लाकडात अडकली की क्षणभर वीस-तीस अँपिअर प्रवाह ओढते. म्हणून तिला जास्त प्रवाह देणारा सेल लागतो: २००० ते २५०० मिलीअँपिअर-तासाचा आणि सतत १५ ते २० अँपिअर देऊ शकणारा. टॉर्च किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल दिसायला तसेच असतात, पण ते एवढा प्रवाह देण्यासाठी बनलेले नाहीत. ड्रिलमध्ये ते तापतात.

बाजारात ९९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेल स्वस्तात मिळतात. ते खोटे समजावेत. या मापाच्या सेलात आजवर साधारण ३५०० च्या आसपासच मावले आहे. दुसरी ओळख वजनाची. चांगल्या सेलाचे वजन साधारण ४५ ग्रॅम किंवा त्याहून थोडे जास्त असते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहा. फार हलका भरला तर परत करा.

नवे सेल आल्यावर प्रत्येकाचा व्होल्ट मोजून त्यावर पेनाने तारीख व आकडा लिहावा. आठ दिवस तसेच ठेवून पुन्हा मोजावा. चांगल्या सेलाचा आकडा जवळपास हलत नाही. जो उतरला तो पॅकमध्ये घालू नये. सगळ्यांचे आकडे जुळत नसतील तर सुट्या सेलांच्या चार्जरवर ते एकसारखे करून घ्यावेत. नवे सेल बहुधा अर्धवट भरलेले येतात. ते तसेच राहू द्यावेत, कारण पूर्ण भरलेल्या सेलावर काम करणे अधिक धोक्याचे.

सेल जोडायला निकेलची पट्टी लागते. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही तशीच चकाकते, पण ती तापते आणि गंजते. पट्टीवर खिळ्याने ओरखडा काढून ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावी. सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज दिसला तर ती लोखंडाची.

४. बांधणी

हे काम घरात, चुलीजवळ किंवा गवताच्या साठ्याजवळ करू नये. उघड्यावर, कोरड्या लाकडी फळीवर करावे. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवावी. डोळ्यांवर चष्मा हवा. हातातली अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण धातूचा दागिना दोन टोकांवर पडला तर क्षणात लालबुंद होतो.

(क) पॅक उघडल्यावर मोबाइलने फोटो काढावेत आणि वहीत आकृती काढावी. कोणता सेल उलटा, कोणता सुलटा, कोणती वायर कुठे, मणी कुठे चिकटवला आहे, हे सारे नोंदवावे.

(ख) जुनी पट्टी एका वेळी एकच कापावी आणि कापलेल्या टोकावर लगेच टेप लावावी.

(ग) नव्या सेलाच्या धन टोकाभोवती बार्ली पेपरची गोल चकती बसवावी. पुष्कळ जण ही पायरी वगळतात. १८६५० सेलाचे सगळे बाहेरचे पत्र्याचे अंग ऋण असते, अगदी धन टोपीच्या भोवतालची कडसुद्धा. तिथे फक्त पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन असते. हादऱ्यांनी पट्टी घासून ते फाटले तर सेल तिथेच शॉर्ट होतो.

(घ) पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी. सेलावर थेट डाख देऊ नये. सोल्डरच्या उष्णतेने आतले पातळ पडदे आणि झाकणाचे सील बिघडते. नुकसान बाहेरून दिसत नाही. वायर जोडायची असेल तर आधी पट्टीच्या मोकळ्या टोकाला डाख देऊन घ्यावा आणि मग पट्टी सेलाला वेल्ड करावी. वेल्ड झाल्यावर पक्कडने हलकेच ओढून पाहावे. सुटली तर पुन्हा करावे.

(च) बीएमएस पाटीच्या वायरी ऋण टोकापासून क्रमाने जोडाव्यात. जोडण्याआधी प्रत्येक वायर ऋण टोकाच्या तुलनेत मोजावी. सेल ३.६ व्होल्टला असतील तर आकडे ३.६, ७.२ आणि १०.८ असे चढत गेले पाहिजेत. क्रम चुकला तर पाटी जळते. नवी पाटी घेताना ती तेवढ्याच सेलांची आणि ड्रिलचा प्रवाह पेलणारी घ्यावी. तापमानाचा मणी होता तिथेच परत चिकटवावा.

(छ) जोडणी झाल्यावर मशीन चालले नाही तर घाबरू नये. पुष्कळ पाट्या पहिल्यांदा चार्जरला लावल्यावरच जाग्या होतात. मात्र काही कंपन्यांच्या पॅकमधली पाटी एकदा दोष आढळला की स्वतःला कायमची बंद करते, आणि नवे सेल घालूनही उघडत नाही. असा पॅक असेल तर सेलांवर पैसे घालण्याआधी जाणकाराला विचारावे.

(ज) पहिले चार्जिंग समोर बसून करावे. दर अर्ध्या तासाने हात लावून पाहावे. किंचित कोमट चालेल, चटका बसला तर लगेच काढावे. चार्ज पूर्ण झाल्यावर प्रत्येक सेल पुन्हा मोजावा. आकडे एकमेकांच्या जवळ असले तर काम जमले.

५. काय करू नये

चार्जर मूळचाच किंवा तेवढ्याच सेलांसाठी बनवलेला हवा: तीन लिथियम सेलांना १२.६ व्होल्टचा, पाच सेलांना २१ व्होल्टचा. लॅपटॉपचा अडॅप्टर, मोटारसायकलच्या बॅटरीचा चार्जर किंवा सौरपाटीची वायर थेट लावू नये. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये कोणी लिथियम सेल बसवले तर जुना चार्जर फेकावाच लागतो. तो लिथियम सेल कधी भरले हे ओळखत नाही, भरतच राहतो.

राखणदार पाटी काढून सेल सरळ जोडणारे लोक भेटतात. मशीन जोरात चालते, म्हणून मुलांना तो उपाय आवडतो. पण त्यानंतर सेलाला वाचवणारे कोणी उरत नाही. फुगलेला, गळणारा, वास येणारा, किंवा दीर्घकाळ दोन व्होल्टच्या खाली राहिलेला सेल झटका देऊन जागा करू नये. एवढा उतरलेल्या सेलात आतले तांबे विरघळू लागते, आणि तो पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

आपल्या पाड्यांसाठी विशेष सूचना. रात्री झोपताना पॅक चार्जरला लावून ठेवू नये. कारवीच्या कुडाचे घर आणि गवताचे छप्पर पेटायला वेळ लागत नाही, आणि लिथियम सेल पेटला तर घरातल्यांना उठायलाही अवधी मिळत नाही. चार्जिंग दिवसा, माणूस जागा असताना, फरशीवर किंवा दगडावर करावे. सेलातून धूर निघू लागला तर तो धूर विषारी असतो. आधी मुलांना बाहेर काढावे. मग दुरून भरपूर पाणी मारावे. वाळूने आग पसरणे थांबते, पण सेल थंड होत नाही, तो थंड होतो पाण्याने. चार्जर बोर्डाला लावलेला असेल तर पाणी मारण्याआधी मेन स्विच बंद करावा.

६. पॅक टिकवावा कसा

उन्हाळ्यात पत्र्याखाली पॅक ठेवू नये. उष्णतेइतके दुसरे काहीच सेलाचे आयुष्य खात नाही. काम संपताच तापलेला पॅक चार्जरला लावू नये, अर्धा तास निवू द्यावा. भातलावणीच्या दिवसांत मशीन महिना-दोन महिने बंद राहते. तेव्हा पॅक अर्धा भरून, मशीनमधून काढून, कोरड्या डब्यात ठेवावा. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये. एसटीने नेताना टोकांवर टेप लावावी, पिशवीतल्या स्क्रूंनी टोके जुळता कामा नयेत.

जुने सेल उकिरड्यावर, नदीत किंवा चुलीत टाकू नयेत. जुन्या निकेल सेलातले कॅडमियम विषारी आहे, ते मातीत आणि पाण्यात राहते. केंद्र सरकारचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ बॅटरी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी टाकतात. आपण टोकांना टेप लावून ते सेल प्लॅस्टिकच्या डब्यात साठवावेत आणि शहरात जाताना अधिकृत संकलन केंद्रात द्यावेत.

७. केंद्रांनी काय करावे

प्रत्येक मुलाने हे काम घरी करावे असे मला सुचवायचे नाही. स्पॉट वेल्डर एकट्याने घेण्याची गरज नाही आणि ते परवडतही नाही. प्रत्येक केंद्रात एक स्पॉट वेल्डर, एक चांगला मल्टीमीटर आणि एक सुट्या सेलांचा चार्जर असावा. दोन जणांना नीट शिकवावे. एक वही ठेवावी आणि तिच्यात पॅक कोणाचा, प्रत्येक सेलाचा आकडा उघडताना किती होता, नवे सेल कोणते घातले, तारीख कोणती, हे लिहावे. सहा महिन्यांनी तोच पॅक परत मोजावा. त्या वहीतूनच पुढच्या मुलाला शिकता येईल. सेलांचे पैसे मशीनच्या मालकाने द्यावेत, मजुरी शिकलेल्या मुलाला मिळावी. असे झाले तर एकाचे मशीन वाचते आणि दुसऱ्याच्या हाताला नवे काम लागते.

आमच्या गटातल्या त्या तीन सेलांच्या पॅकमध्ये नवे सेल बसले. पहिल्या चार्जनंतर आकडे आले ४.१८, ४.१८ आणि ४.१७. त्या दिवशी त्या मुलाने डब्यावरचा १२ चा आकडा खोडला नाही, पण त्याखाली पेनाने तीन आकडे लिहून ठेवले. आता त्याचा पॅक कोणी मागितला तर तो आधी तेच दाखवतो.

गटात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. मीटरवर पॅकचा एकूण आकडा बरोबर दिसत असूनही मशीन का बंद पडू शकते?
२. एकच सेल बदलण्याऐवजी सगळे का बदलावेत? आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या पाड्यावर पॅक कुठे आणि केव्हा चार्ज केले जातात? त्यात आजपासून कोणता बदल करता येईल?
४. जुने सेल गोळा करण्याची जबाबदारी आपल्या गटात कोण घेईल?